दुधाची डिग्री आणि गायीची कास

दुधाविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या शहरात प्रथम पाण्याविषयीच बोलणे निघते. गवळी आणि पाणी ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की दूध पातळ दिसले, बेचव लागले, नासले, की आपण दुसरे कारण शोधीतच नाही. आज आम्ही जे सांगणार आहोत ते या सवयीविरुद्ध आहे. गवळ्याने थेंबभरही पाणी न घालता, चिमूटभरही मीठ न टाकता, दूध पातळ आणि खारट होऊ शकते. तो बदल गायीच्या कासेतच होतो आणि तो करणारा गुन्हेगार डोळ्यांना दिसत नाही.

आम्ही पशुवैद्यक नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचन मंदिराच्या टेबलावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा जो पायंडा पाडला, त्याच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे हे योग्यच. परंतु आम्हांस या विषयाकडे ढकलले ते एका चुकीने, आणि ती चूक आमची स्वतःची होती. तेव्हा आरंभ तिच्यापासूनच करणे प्रामाणिकपणाचे होईल.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात दूध गोळा करणाऱ्या एका केंद्रावर आमच्या युनियनचा एक सभासद कामाला होता. दोन गायींवर संसार चालविणाऱ्या एका बाईची किटली त्याने लागोपाठ दोन दिवस परत केली. पहिल्या दिवशी लॅक्टोमीटरची डिग्री उतरली म्हणून शेरा पडला "पाणी". दुसऱ्या दिवशी दूध जिभेला खारट लागले, क्षाराची परीक्षाही तशीच निघाली. शेरा पडला "मीठ". पाणी लपविण्यासाठी हिने आता मीठ घातले, असा सरळ अर्थ लावला गेला. बाई म्हणाली, "भाऊ, लेकराची शपथ, थेंब न्हाई घातला." सभासद म्हणाला, "मावशी, काचेची नळी खोटं बोलत नाही." तिसऱ्या दिवशी गावाने केंद्राला घेरले, सभासदाच्या अंगावर लोक धावून गेले आणि निरोप आमच्याकडे आला.

आम्ही गेलो, आणि न विचारता आमच्या माणसाची बाजू घेतली. कामगार खरा, नळी खरी, म्हणून बाई खोटी, असा आमचा हिशेब. सुदैवाने तेथे एक वयस्कर पशुवैद्यक आले होते. त्यांनी वाद मिटविण्याच्या भरीस न पडता बाईच्या गोठ्याची वाट धरली. काळ्या ताटलीत चारही सडांच्या पहिल्या धारा निरनिराळ्या काढल्या. तीन सडांचे दूध स्वच्छ. चौथ्याच्या धारेत बारीक पांढऱ्या कण्या. कास वरून सुजलेली नव्हती, गाय खात-पीत होती. पशुवैद्यक एवढेच म्हणाले, "नळी खरं बोलली. तुम्ही तिचं म्हणणं चुकीचं लावलंत." त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात आमची पुढची काही वर्षे गेली. तोच येथे मांडीत आहोत.

प्रथम दूध तयार कसे होते ते पाहू. कासेला चार स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येकाचा सड निराळा. एका कप्प्यातले दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच एक सड आजारी आणि तीन निरोगी असे होऊ शकते. कप्प्याच्या आत द्राक्षाच्या घोसासारखे बारीक बारीक फुगे असतात आणि त्यांच्या अस्तरातील पेशी रक्तातून कच्चा माल उचलून दूध बनवितात. एक लिटर दुधासाठी सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. यावरून तो कारखाना किती मोठा आहे याची कल्पना यावी.

या कारखान्यातला सर्वांत महत्त्वाचा माल म्हणजे दुग्धशर्करा. ती कासेतच तयार होते, आणि दुधात पाणी किती यावयाचे ते मुख्यतः तीच ठरविते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. विरघळलेला पदार्थ पाणी आपल्याकडे ओढतो, हाच तो नियम. दुग्धशर्करा फुग्यात साठते, ती रक्तातून पाणी ओढून घेते आणि दुधाला आकारमान येते. शर्करा जितकी, दूध तितके. रक्त आणि दूध यांच्यामध्ये असा कायमचा तोल असतो. एका बाजूचे वजन कमी झाले की दुसरे काहीतरी येऊन ते भरून काढते. हा तोल वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा उलगडा त्याच्यावर आहे.

आता रोग. गावाकडे याला दगडी म्हणतात. रोग बळावला की कास दगडासारखी घट्ट होते म्हणून. पुस्तकात कासदाह असे नाव आहे. सडाच्या टोकाला एक बारीक दार असते. धार काढून झाल्यावर ते अर्धा तास ते तासभर पुरते मिटत नाही. तेवढ्या वेळात गाय शेणामुतात बसली, किंवा धार काढणाऱ्याच्या हातावर आधीच्या आजारी गायीचे जंतू असले, तर ते आत शिरतात. जंतू दोन जातींचे. काही हातांवरून, फडक्यावरून, यंत्राच्या नळीवरून एका गायीकडून दुसरीकडे जातात. काही गोठ्यातल्या ओलीत आणि शेणातच वास करून असतात.

जंतू शिरले की शरीर स्वस्थ बसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाव घेतात. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात साधारणतः एक लाखाच्या आत पेशी असतात. दोन लाखांच्या वर गेल्या तर त्या कप्प्यात जंतूंचा शिरकाव झाला असे सामान्यतः धरतात. युरोपातील देशांत गोळा केलेल्या दुधात चार लाखांची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. बाहेरून पाहावे तर कधी काहीच दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, गाठी नाहीत. या सुप्त रूपातच रोग बहुतेक गोठ्यांत नांदत असतो आणि मालकाचे खरे नुकसान तोच करतो.

लढाई जेथे होते तेथली भिंत पडते. दूध करणाऱ्या पेशी काही मरतात, काही दुबळ्या होतात आणि दोन पेशींमधले सांधे सैल पडतात. दुबळ्या पेशी शर्करा कमी करतात. जी होते तीही सैल सांध्यांतून रक्तात परत झिरपते. तोल राखण्यासाठी उलट दिशेने रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात येतात. सोडियम आणि क्लोराइड म्हणजे आपले जेवणातले मीठच. बाईच्या दुधात मीठ होते ते खरे. परंतु ते डब्यातले नव्हते, गायीच्या रक्तातले होते.

आकडे पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही, तेव्हा दुग्धशास्त्राच्या पुस्तकांतून नेहमी दिली जाणारी तुलना सांगतो. गायीगायीत फरक पडतो. पण दिशा सारखी असते. निरोगी गायीच्या शंभर ग्रॅम दुधात दुग्धशर्करा सुमारे ४.९ ग्रॅम, तर पेशी फार वाढलेल्या दुधात ४.४. सोडियम ५७ मिलिग्रॅमवरून १०५ वर जाते. क्लोराइड ९१ वरून १४७ वर. उलट पोटॅशियम १७३ वरून १५७ वर उतरते. स्निग्धांश, म्हणजे आपण फॅट म्हणतो तो, ३.५ वरून ३.२ पर्यंत येतो. दूध किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू ६.६ च्या आसपास. रोगात तो रक्ताच्या बाजूला सरकतो, ६.८ किंवा त्याहून वर जातो.

प्रथिनांची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. एकूण प्रथिने पूर्वी ३.६, रोगानंतरही जवळजवळ ३.६. हिशेबतपासनीस म्हणेल, काहीच बिघडले नाही. पण वही उघडून आत पाहा. केसीन, म्हणजे ज्याचे दही बसते आणि पनीर होते ते मुख्य प्रथिन, २.८ वरून २.३ वर आलेले असते. आणि निवळीत राहणारी, पुष्कळशी रक्तातून आलेली प्रथिने ०.८ वरून १.३ वर गेलेली असतात. कारखान्यात पगारपत्रकाची बेरीज तीच ठेवून पंचवीस वर्षांचे कसबी कारागीर काढावेत आणि त्या जागी फाटकावरचे शिपाई भरावेत, तसा हा प्रकार. बेरीज जुळते; माल मात्र निघत नाही. कामगार चळवळीत आम्ही एक धडा शिकलो होतो, की एकूण आकडा दाखविणाऱ्याला आतला तपशील विचारावा. दुधाने तोच धडा पुन्हा शिकविला.

एवढ्यावर भागत नाही. रक्तातून एक पाचक द्रव्यही दुधात उतरते आणि ते उरल्यासुरल्या केसीनचे तुकडे करीत राहते. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने ते मरत नाही. दुसरे द्रव्य स्निग्धांश फोडते, म्हणून अशा दुधाला किंवा लोण्याला लवकर खवट वास येतो. गृहिणीच्या भाषेत याचा अर्थ असा: विरजण नीट लागत नाही, दही सैल बसते, निवळी सुटते, पाडव्याच्या श्रीखंडाला चक्का कमी उतरतो. डेअरीच्या भाषेत अर्थ असा, की तितक्याच दुधात पनीर कमी, चीज कमी.

मग लॅक्टोमीटर काय सांगतो? तो दुधाचे जडपण मोजतो. शर्करा कमी झाली की दूध हलके होते. मीठ त्यातले थोडे भरून काढते, सगळे नाही. डिग्री आणि फॅट यांवरून सूत्राने फॅट सोडून उरणारे घन पदार्थ काढतात. गावोगाव त्याला एसएनएफ म्हणतात. डिग्री एकाने उतरली की एसएनएफ सुमारे पाव टक्क्याने उतरते. पुष्कळ जनावरांच्या एकत्र दुधात दगडीने पडणारा फरक दिसावयास लहान असतो, हे आम्ही कबूल करतो. परंतु महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा भाव वर्षानुवर्षे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून सांगितला गेला आणि त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला पैसे कापले गेले. जो माणूस त्या रेषेवर उभा आहे त्याला "लहान फरक" म्हणून काही नसतेच. ज्याच्या गोठ्यात वीस गायी, त्याचा एक आजारी सड एकूण दुधात बुडून जातो. जिच्याकडे दोनच गायी, तिच्या किटलीचा आठवा हिस्सा त्या एका सडाचा असतो. माप सर्वांना सारखे, परंतु शिक्षा सारखी नाही.

२०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात दूध रस्त्यांवर ओतले गेले. शहरातल्या पुष्कळांना ते पाहून वाईट वाटले आणि ते साहजिक होते. पण भावाच्या त्या झगड्यात रुपयांबरोबर ही डिग्रीही आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. भाव वाढवून मिळतो तो मोर्च्याने; पॉइंट कापला जातो तो पहाटे, एकट्यादुकट्याच्या किटलीत.

आता मुख्य प्रश्न. पाणी घातलेले दूध आणि रोगट दूध यांत भेद करावा कसा? निसर्गाने त्याची सोय त्या तोलातच करून ठेविली आहे. दूध शून्याखाली सुमारे अर्ध्या अंशावर गोठते. विरघळलेले पदार्थ जितके, तितका गोठणबिंदू खाली. पाणी घातले की सगळेच पदार्थ विरळ होतात आणि गोठणबिंदू शून्याकडे चढतो. रोगात मात्र शर्करा गेली तरी तिच्या जागी मीठ येते. तोल राखला जातो आणि गोठणबिंदू जवळपास जागच्या जागी राहतो. म्हणजे डिग्री उतरलेली, पण गोठणबिंदू ठीक, तर संशयाचे बोट माणसाकडे न वळविता कासेकडे वळवावे. दुसरी खूण क्लोराइड आणि शर्करा यांच्या प्रमाणाची. क्लोराइडच्या शेकडेवारीला शंभराने गुणून शर्करेच्या शेकडेवारीने भागावे. याला कोस्टलर अंक म्हणतात. वरच्याच आकड्यांनी निरोगी दुधाचा अंक १.९ च्या जवळ येतो आणि रोगट दुधाचा ३.३ च्या पुढे. तीनच्या वर गेला की दगडीचा संशय घ्यावा. एक सावधगिरी मात्र हवी: नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक आणि आटत आलेल्या गायीचे दूध यांतही असे फरक दिसतात, त्यांना रोग समजू नये.

गोठ्यात करावयाची परीक्षा याहून सोपी आहे. १९५७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ती प्रसिद्ध केली. चार खळग्यांच्या ताटलीत चार सडांचे थोडे थोडे दूध घ्यावे, तितकेच फेसक द्रावण घालावे आणि ताटली गोल हलवावी. द्रावणाने पेशी फुटतात, त्यांच्यातला चिकट गर बाहेर येतो आणि दूध जेलीसारखे दाटते. जितके दाट, तितका रोग जास्त. तेच तत्त्व धरून कपडे धुण्याच्या पावडरीच्या तीन टक्के द्रावणानेही काम भागते. म्हणजे एका चहाच्या किमतीत कित्येक गायी तपासून होतात.

हा प्रश्न आपल्याकडे वाढला का, हेही पाहिले पाहिजे. पुणे जिल्ह्यात सहकारी दूध संघ १९६० साली निघाला, तोच कात्रजच्या नावाने आपण ओळखतो. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली आणि संकरित गायींचा प्रसार खेड्यापाड्यांत झाला. दोन-तीन लिटरवरची गाय दहा-पंधरा लिटरवर गेली, कोरडवाहू घरात रोजचा पैसा आला. हे उपकार मोठेच आहेत. परंतु जास्त दुधाची मोठी, लोंबती कास जंतूंना अधिक उघडी पडते. खिल्लार गायीची जुनी राखण या कासेला पुरत नाही. कारखान्यात मोठे यंत्र आणले तर त्याची देखभालही मोठी लागते, त्यातलाच हा भाग.

ती देखभाल कसली? धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरड्या, निराळ्या फडक्याने पुसावी. अंगठा दुमडून सड ओढू नये. पूर्ण मुठीने धार काढावी. पहिल्या धारा काळ्या भांड्यात पाहाव्या. आजारी गायीची धार शेवटी काढावी. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावे आणि लगेच वैरण टाकावी, म्हणजे दार मिटेपर्यंत गाय उभी राहते. औषध पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच द्यावे, आणि सडात औषधाची नळी सोडली की वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध विकू नये. औषधी अंश असलेल्या दुधात विरजण मरते, आणि माणसाच्या पोटात गेलेला तो अंश जंतूंना औषध पचविण्याची सवय लावतो. शहरातल्या वाचकांनी दूध उकळून घ्यावे, हे आपण करतोच. पण एका जातीच्या जंतूंनी उबेत राहिलेल्या दुधात केलेले विष उकळूनही जात नाही. तेव्हा दूध उकळण्याइतकेच ते थंड ठेवणे महत्त्वाचे.

यांतल्या बहुतेक गोष्टी शेवटी एका माणसाच्या हातावर येतात. शहराच्या कडेच्या गोठ्यांत धार काढणारा गडी जनावरामागे मजुरी घेतो. दोन गायींच्या मध्ये हात धुवावयास लागणारी मिनिटे त्याच्या खिशातून जातात. मग तो हात धूत नाही, आणि आपण त्याला घाणेरडा म्हणतो. आमचे म्हणणे असे की ती मिनिटे मजुरीत धरा, साबण आणि पाणी मालकाने द्यावे. संकलन केंद्रावरच्या नोकराला नुसती नळी देऊ नका; फेसक द्रावणाची बाटली आणि "परीक्षा करा" असा तिसरा शेरा लिहिण्याचा अधिकारही द्या. त्याच्या हातात दोनच शेरे असले तर तो दोहोंपैकी एक लिहिणारच. त्याला मार खावा लागतो आणि निरपराध माणसाला चोर ठरावे लागते.

त्या बाईच्या गायीचा चौथा सड वाचला नाही. उशीर झाला होता. गाय पुढे तीन सडांवर दूध देत राहिली. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. मिळाले ते एवढेच, की आमचा सभासद तिच्या दारात जाऊन म्हणाला, "मावशी, चुकलं माझं." आम्हीही त्याच्या मागे उभे होतो. तिने दोघांना बसावयास घोंगडी टाकली आणि चहा केला. दूध त्या तीन सडांचे होते. चहा पिताना ती म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. गावात चोर म्हणत्यात, त्याचं काय करू?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. दुधाची डिग्री उतरली तर प्रथम कास तपासावी आणि मग माणूस, एवढे जरी प्रत्येक केंद्रावर रुजले, तरी तिच्यासारख्या पुढच्या बाईवर तो प्रश्न विचारण्याची पाळी येणार नाही.